घण, टॉमी की स्क्रूचा क्लॅम्प? जिम्नीच्या एका टायरचा प्रकरण अभ्यास

भांडुपला आमच्या सोसायटीत राहणारी एक तरुण इंजिनिअर पाणीयोजनांच्या कामासाठी मोखाडा तालुक्यात जाते. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा असा रस्ता, आणि त्याच्या पुढे पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या कच्च्या वाटा. बहुतेक वेळा गाडीत ती एकटीच असते. गाडी मारुतीची पाच दारांची जिम्नी, १५ इंची अलॉय रिमची. कंपनीचे १९५/८० आर १५ टायर काढून तिने २१५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन टायर घातले आहेत. हे बोलेरोचं माप, त्यामुळे तालुक्याच्या गावीही टायर मिळतो हा तिचा हिशेब होता आणि तो अगदी बरोबर आहे. एकच गोष्ट बदलली: या टायरची बाजू कंपनीच्या टायरपेक्षा बरीच ताठ आहे.

पावसाळ्यात मागच्या डाव्या टायरला दोन दुखणी एकदम लागली. एक साधं, जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात खिळा. तो उपटून तिने जागेवरच पंक्चरची स्ट्रिप घातली. दुसरं दुखणं कळायला वेळ लागला. चिखलाचा पट्टा ओलांडताना तिने हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली होती. कमी हवेवर टायर बाजूला दबतो, बीडिंग, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी टायरची आतली कड, रिमपासून क्षणभर सुटतं आणि त्या फटीत चिखल, बारीक खडी, गवताची काडी शिरते. पुन्हा हवा भरली की ते सगळं तिथेच अडकून राहतं. रात्री भरलेला टायर सकाळी बसलेला दिसायचा. साबणाचं पाणी ओतल्यावर स्ट्रिपच्या जागी बारीक बुडबुडे आले, आणि रिमच्या कडेलाही वीतभर लांबीत फेस आला.

स्ट्रिपची गळती निदान दुसरी स्ट्रिप घालून थोपवता येते. रिमच्या कडेची गळती बाहेरून थोपवता येत नाही. तिथे बीडिंग रिमवरून सोडवावंच लागतं. ती रस्त्यावरच्या एका दुकानात गेली, तिथे टायरवर घण पडला, बीडिंग सुटलं, वरवर पुसून परत बसवलं, आणि अलॉयच्या कडेला नखभर खोल खाच पडली. आठवड्याभरात गळती पुन्हा सुरू झाली, या वेळी त्या खाचेजवळून.

मग ती माझ्याकडे आली. मी जड गाड्यांच्या टायरखात्यात नोकरी केली आहे, हे तिला माहीत होतं.

"काका, तिकडे रेंज नाही, दुकान नाही आणि स्टेपनी एकच. मला एकटीला टायर सोडवून, दुरुस्त करून परत चढवता येईल का? येत असेल तर नेमकं काय विकत घेऊ?"

"येईल. पण आधी रिम बघू, मग हत्यारं."

तिचा प्रश्न यापुढे अधिकाधिक लोकांना पडणार आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, आणि ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. शहरात याने फारसं बिघडत नाही. खोडाळ्याच्या पुढे बिघडतं.

रिम आधी

जुन्या ट्रक-बसच्या वीस इंची रिमला एका बाजूला सुटी रिंग असते. लॉक रिंग काढली, बाजूची रिंग उचलली, की टायर आडवा सरकत बाहेर येतो. तिथे एकच अडचण असते: महिनोन् महिने उष्णतेने आणि गंजाने रिमला चिकटलेलं बीडिंग. ते सोडवायला घण लागतो, आणि रिम जाड पोलादी असल्याने तो घण सोसते. आपल्याकडची बरीच पंक्चरची दुकानं याच कामावर वाढली. त्यांच्या हातात घण बसला तो असा.

जिम्नी, थार, गुरखा, बोलेरो यांची रिम अखंड असते. तिला सुटी रिंग नाही. पंधरा इंची रिमवर बीडिंग बसतं त्या जागेचा व्यास ३८० मिमी आहे. तिची उभी कड त्याहून सुमारे १७ मिमी उंच, म्हणजे कडेचा बाहेरचा व्यास जवळपास ४१५ मिमी. बीडिंगच्या आत पोलादी तारांचं कडं असतं आणि ते ताणत नाही. ३८० चं कडं ४१५ च्या कडेवरून जाणार कसं? त्यासाठी रिमच्या मधोमध खोबण ठेवलेली असते. बीडिंगची एक बाजू या खोबणीत उतरली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि ती कडेवरून वर येते. याखेरीज ट्यूबलेस रिमला बीडिंगच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो. वळणावर बीडिंग घसरून खोबणीत पडू नये म्हणून तो असतो, आणि सोडवताना पहिला अडथळा त्याचाच होतो.

म्हणजे काम दोन टप्प्यांचं आहे. पहिल्यात बीडिंगला त्या उंचवट्यावरून खाली ढकलायचं. याला जोर लागतो, पण तो जोर सरळ आणि सावकाश चालतो. दुसऱ्यात बीडिंग खोबणीत ठेवून टॉमीने, म्हणजे टायर उचकटायच्या चपट्या टोकाच्या लोखंडी दांडीने, कडेवरून काढायचं. याला जोर जवळजवळ लागतच नाही. जोर लागत असेल तर समोरची बाजू खोबणीत नाही असं समजावं. माझ्या मते या कामासाठी हत्यार निवडायचं ते याच हिशेबाने. जे पहिल्या टप्प्यात न आदळता ढकलतं आणि दुसऱ्या टप्प्यात घाई करू देत नाही, ते चांगलं.

आणखी एक बघायचं. खोबण बरोबर मध्यावर नसते. बहुतेक रिममध्ये ती एका तोंडाकडे झुकलेली असते, बहुधा बाहेरच्या. टायर त्या तोंडाकडून काढायचा आणि त्याच तोंडाकडून चढवायचा. तिच्या रिममध्ये खोबण बाहेरच्या बाजूला जवळ होती. म्हणजे काम दिसणाऱ्या, चकचकीत बाजूने करायचं, आणि म्हणून ओरखड्यांची काळजी दुप्पट.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये

रविवारी सकाळी स्टिल्टखाली जागा रिकामी केली. बाहेर पाऊस लागलेला होता. टायर एकच, माणूस एकच (ती, मी फक्त सांगायला), आणि हत्यारं बदलत जायचं असं ठरवलं. प्रत्येक वेळी टायर पुन्हा पूर्ण बसवून, हवा भरून, मग हवा सोडायची. एकदा सुटलेलं बीडिंग दुसऱ्यांदा सहज सुटतं, हे खरं. म्हणून क्रम असा लावला की ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त शंका होती ते आधी. घण मात्र दुकानात होऊन गेला होता. तो पुन्हा चालवला नाही.

घणाबद्दल एवढंच सांगतो. पोलादी रिमवर, सरावलेल्या हातात, चपट्या तोंडाचा घण जलद काम करतो. त्याचा फटका बीडिंग आणि रिम यांच्या बरोबर फटीत पडावा लागतो. दोन बोटं आत पडला तर अलॉय खरवडतं, दोन बोटं बाहेर पडला तर टायरच्या बाजूतल्या दोऱ्यांना मार बसतो, आणि तो मार बाहेरून दिसत नाही. ताठ बाजूच्या टायरवर घण उसळतो. सडपातळ बांध्याच्या माणसाने, चिखलात, एकट्याने हे करू नये. माझा सल्ला यात डळमळीत नाही.

पहिली चाचणी फळीची. टायर जमिनीवर आडवा, जाड सागवानी फळीचं एक टोक रिमच्या कडेला लागून टायरवर, दुसरं जमिनीवर, आणि शेजाऱ्यांची गाडी इंचाइंचाने फळीवर चढवायची. बीडिंग आवाज करत सुटलं. फळी मात्र सुटताना रिमकडे सरकली. खर्च काही नाही, आणि दोन गाड्या बरोबर असतील तर अडीअडचणीला हा उपाय जमतो. पण दुसरी गाडी पाहिजे, शांत डोक्याचा चालक पाहिजे आणि फळी सरकत नाही ना हे बघायला तिसरा माणूस पाहिजे. तिच्याकडे यातलं काहीच नसतं.

दुसरा, शेतात वापरतात तो उंच जॅक, ज्याला हाय-लिफ्ट म्हणतात. टायर गाडीच्या बंपरखाली ठेवायचा, जॅकचं तळपान रिमच्या कडेला लागून टायरवर टेकवायचं, आणि दांडी मारत गाडीचं वजन त्यावर आणायचं. सगळ्यात ताठ टायरही यापुढे टिकत नाही. पण या जॅकला गाडीवर भक्कम जागा लागते. तिच्या जिम्नीचे प्लॅस्टिकचे बंपर याला चालत नाहीत, म्हणून पार्किंगमधल्या एका जुन्या जिप्सीचा लोखंडी बंपर वापरला. बीडिंग सुटतं त्या क्षणी तळपान खाली जातं आणि जॅक कलतो. हँडल सैल धरलं असेल तर ते उलटून येतं. या हँडलने जबडे फुटल्याचे प्रकार चारचाकीवाल्यांमध्ये सर्वांना ठाऊक आहेत. त्यात जॅकचं वजन १३ किलोच्या आसपास. लोखंडी बंपर असलेल्या, दोघा-तिघांच्या टोळीला हा जॅक इतर कामांसाठी लागतोच, त्यांनी टायरसाठीही वापरावा. फक्त टायरसाठी म्हणून तो घेऊ नये.

तिसरं हत्यार तिच्या मामेभावाने मेलबर्नहून आणलेलं, टायरप्लायर्स. ऑस्ट्रेलियात शेतकरी आणि आडरानात फिरणारे लोक ते वापरतात. लांब दांड्यांची ही मोठी पकड आहे. तिचा एक भाग रिमच्या कडेखाली अडकतो, दुसरा बीडिंगवर टेकतो, आणि दांडी दाबली की बीडिंग खाली जातं. थोडं दाबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. माझ्या हाताखाली चटकन काम झालं. तिच्या हाताखाली पहिल्या फेरीत ती रिमच्या गोलसर कडेवरून निसटत राहिली. मग तिने दांडीला हातांनी ओढणं सोडलं, गुडघा टेकवला आणि अंगाचा भार टाकला. बीडिंग अर्ध्या फेरीत सुटलं. हत्यार उत्तम आहे, वेग सगळ्यात चांगला आहे, पण जोर शेवटी वापरणाऱ्याच्या वजनातून येतो. मऊ टायर असता तर मी हेच सुचवलं असतं. शिवाय इथे ते दुकानात हाताळून घेता येत नाही, मागवावंच लागतं.

चौथा स्क्रूचा क्लॅम्प. याचाही एक नमुना ऑस्ट्रेलियात बनतो, आणि आपल्याकडे चांगला लोहारकाम करणारा माणूस नमुना बघून करून देऊ शकतो. एक आकडा रिमच्या कडेला धरतो. चपटी जीभ टायर आणि रिमच्या फटीत शिरते. मधला बोल्ट पान्याने फिरवला की जीभ बीडिंगला सरळ खाली लोटत नेते. पहिल्या जागी बोल्ट अखेरपर्यंत नेला तरी बीडिंग उंचवट्यावरून उतरलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सोड, वीतभर पुढे लाव, तिथे साबणाचं पाणी ओत. दुसऱ्या जागी अर्ध्यावर गेल्यावर एक जाड 'थप्' आवाज आला आणि दोन्ही जागांमधला पट्टा एकदम खाली गेला. उरलेली बाजू नंतर पायाने दाबूनही सुटली.

हे काम हळू होतं. पकडीच्या दुप्पट वेळ सहज लागतो. पण पाना फिरवायला लागणारा जोर चाळीस किलोच्या माणसालाही झेपतो आणि टायर ताठ असला तरी तो जोर फारसा वाढत नाही. काही आदळत नाही, काही उसळत नाही, कुठे थांबायचं ते हाताला कळतं. पिशवीत पावावर पाव ठेवावा एवढ्या जागेत क्लॅम्प मावतो. एकट्या माणसासाठी, ताठ टायर आणि अलॉय रिम असताना, मी निःशंकपणे याच्या बाजूने कौल दिला.

टॉमी: इथे पैसे वाचवू नयेत

बीडिंग सोडवायच्या हत्याराबद्दल लोक तासन् तास बोलतात आणि टॉमी मिळेल ती उचलतात. माझा अनुभव उलटा आहे. टायर बिघडतो तो बहुधा टॉमीने.

मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हाताची हत्यारं गल्लीभर मिळतात. मी तिला घेऊन गेलो आणि तीन टॉमी निवडल्या: दोन सुमारे ६०० मिमी लांबीच्या, एक आखूड. टोक हातात घेऊन बघायचं. ते चमच्यासारखं रुंद, गोल काठाचं, गुळगुळीत हवं. अंगठ्याचं बोट फिरवल्यावर कुठेही धार लागता कामा नये. जाड टोक फटीत शिरत नाही आणि बीडिंगला चेमटतं. अति पातळ टोक वाकतं. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या जोडीच्या कडेला ओतकामाची शिवण तशीच होती. ती कानशीने घासून चालली असती, पण शेजारीच कमानीच्या पाट्यापासून ठोकून केलेली टॉमी होती, जड आणि लवचीक. ती घेतली. कमानीचं पोलाद वाकून परत सरळ होतं, हा तिचा मोठा गुण.

रिमच्या कडेला वाचवायला जुन्या पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे लांबीत चिरून बसवले. विकतचे गार्ड येतात, पण हे तितकेच काम करतात.

काढायची पद्धत अशी. दोन्ही बाजूंचं बीडिंग सोडवून घ्यायचं, भरपूर साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच नको, ते रबर खातं आणि नंतर टायर रिमवर सरकतो. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टायरवर टेकून बीडिंग खोबणीत दाबून धरायचं, आणि व्हॉल्व्हच्या बाजूने पहिली टॉमी घालायची. ज्या गाड्यांच्या व्हॉल्व्हला आतून दाबाचा सेन्सर असतो, तिथे टॉमी व्हॉल्व्हपासून वीतभर लांब घालायची, नाहीतर सेन्सर तुटतो. दुसरी टॉमी पहिलीपासून चार बोटांवर. मग तिसरी, पुन्हा चार बोटांवर. हावरटपणे वीतभर घास घेतला की टॉमी जड जाते, आणि जड गेलेली टॉमी दाबली की बीडिंगच्या आतल्या ओठाचं रबर फाटतं. तो ओठच हवा धरतो. एकदा फाटला की कितीही चांगला पॅच लावा, टायर गळत राहतो.

तिने तिसऱ्या घासाला थांबून विचारलं, "जड जातंय, दाबू?"

"गुडघे कुठे आहेत?"

गुडघे सरकून टॉमीच्या बाजूला आले होते. ती परत समोर गेली, बीडिंग खोबणीत दाबलं, आणि तीच टॉमी एका हाताने खाली गेली.

आतून पॅच लावायचा असेल तर टायर रिमवरून पुरता काढावा लागत नाही. एका बाजूचं बीडिंग बाहेर काढलं, टायर उभा केला आणि फटीत लाकडाचा ठोकळा घातला की हात आत जातो. आडवाटेवर हेच करावं. अर्धे कष्ट वाचतात. पार्किंगमध्ये मात्र आम्ही पुरता काढला, कारण रिमची बैठक दोन्ही बाजूंनी साफ करायची होती. काढायच्या आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण केली. तीच जागा पुन्हा साधली तर बॅलन्सिंग फारसं बिघडत नाही.

आत काय दिसलं

रिमच्या बैठकीवर वाळून दगड झालेला लाल चिखल, त्यात एक काडी, आणि दुकानातल्या खाचेभोवती पांढरी भुकटी, म्हणजे अलॉय खायला लागलं होतं. चिखल लाकडी चमच्याने खरवडला, मग भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने बैठक घासली. तारेचा ब्रश अलॉयवर नको. खाचेचे उभे काठ बारीक पॉलिश पेपरने मोडले. खाच बैठकीपर्यंत गेलेली नव्हती हे नशीब; गेली असती तर रिमच बदलावी लागली असती.

खिळ्याचं भोक साधारण ४ मिमी, पट्ट्याच्या मधल्या भागात. सहा मिमीपेक्षा मोठं किंवा खांद्यावरचं, बाजूचं भोक दुरुस्त करू नये, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. बाजू सतत वाकत राहते, तिथे पॅच टिकत नाही. बाजू कापली गेली तर स्टेपनी लावायची आणि परत फिरायचं.

जुनी स्ट्रिप ओढून काढली तेव्हा ती मधोमध कातरलेली निघाली. रेडियल टायरच्या पट्ट्यात पोलादी तारा असतात. भोकातल्या तुटक्या तारा चाक फिरताना स्ट्रिपला कापत राहतात. स्ट्रिप घरी पोचण्यापुरती उत्तम आहे आणि ती गाडीत असलीच पाहिजे. कायमची दुरुस्ती मात्र आतूनच होते, आणि त्यासाठी देठ असलेला छत्रीसारखा पॅच चांगला: देठ भोक भरतो, छत्री आतून हवा धरते. नुसता पॅच लावला तर भोकातून पाणी तारांपर्यंत जातं आणि आत गंज चढतो.

आतली बाजू पॅचपेक्षा बोटभर जास्त जागेत घासून मंद काळी केली. चकाकी राहिली तिथे सोल्युशन धरत नाही. भुसा पुसला, सोल्युशनचा पातळ थर लावला आणि थांबलो. इथे मुंबईचा पावसाळा आडवा येतो. कोरड्या हवेत काही मिनिटांत सोल्युशन बोटाला चिकटेल इतपत सुकतं. जुलैच्या दमट हवेत ते बराच वेळ ओलसर राहतं, आणि घाई केली तर पॅच एका कडेने उचलतो. ती बोटाच्या मागच्या बाजूने पुन्हा पुन्हा स्पर्श करून बघत राहिली. बोटाला ओलावा न लागता नुसती ओढ लागली तेव्हाच पॅच ठेवला, मधून बाहेर असा छोट्या रोलरने दाबत नेला, आणि देठ बाहेरून ओढून पट्ट्याच्या वर थोडा सोडून कापला. आडवाटेवर पाऊस चालू असेल तर आतून दुरुस्तीच्या फंदात पडूच नये. ओल्या रबरावर काहीही चिकटत नाही. तिथे फक्त बीडिंग साफ करावं, भोकात स्ट्रिप घालावी आणि निघावं.

हवा धरणं

टायर चढवणं उलट क्रमाने झालं. अडलं ते हवेपाशी. बॅटरीवर चालणारा तिचा छोटा कंप्रेसर हवा देत होता आणि ती दोन्ही बीडिंगच्या फटीतून निघून जात होती. दुकानातला मोठा टँक एका झटक्यात ढीगभर हवा देतो, छोट्या कंप्रेसरला ते जमत नाही. दोन गोष्टी केल्या. व्हॉल्व्हची पिन काढली, म्हणजे हवेला रस्ता मोठा झाला. आणि सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा टायरच्या घेराभोवती, बरोबर मधोमध आवळला. पट्टा आवळला की मधला भाग आत दबतो, दोन्ही बाजू बाहेर फुगतात आणि बीडिंग रिमला टेकतं. कंप्रेसरचा आवाज बदलला, हवा धरायला लागली. तेवढ्यात पट्टा सैल केला.

मग एक आवाज, थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही बीडिंग उंचवट्यावरून चढून जागेवर बसली. ४० पीएसआयच्या वर मी जाऊ देत नाही. तोवर बसलं नाही तर हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, पुन्हा भरायची. बोटं रिमजवळ नकोत, तोंड टायरवर वाकलेलं नको, हवेची नळी लांब हवी. टायरखात्यात आम्ही लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायचो, त्यामागे कारणं होती. स्प्रे मारून काडी लावायची आणि स्फोटाने टायर बसवायचा, हा प्रकार काही जण हौसेने दाखवतात. तो कुणीही करू नये, मी शिकवणारही नाही.

शेवटी पिन परत घातली, हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली आणि टायरवर रिमच्या कडेलगत जी बारीक उठावदार रेघ असते ती चहूबाजूंनी सारख्या अंतरावर आहे का ते पाहिलं. एका जागी रेघ रिमखाली गेली असेल तर तिथे बीडिंग नीट बसलेलं नाही.

तिने काय घेतलं

स्क्रूचा क्लॅम्प, त्याचा पाना, तीन टॉमी, पाइपाचे तुकडे, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी आणि दोन जादा पिना, रॅचेटचा पट्टा, साबणाच्या द्रावणाची बाटली, स्ट्रिपचा संच, देठाचे पॅच, रोलर, सोल्युशन. सोल्युशनच्या छोट्या, न उघडलेल्या दोन ट्यूब ठेवायच्या. उघडलेली ट्यूब गाडीच्या उष्णतेत काही आठवड्यांत आटते. टायरप्लायर्स तिने मामेभावाला परत दिली नाही, सोसायटीत ठेवली आहे. दोघे जण असले की तीच वापरायची असं ठरलं आहे.

बॅलन्सिंग मात्र हाताने होत नाही. टायर चढवून दुसऱ्या दिवशी ती एलबीएस रोडवरच्या एका दुकानात गेली आणि चाक मशीनवर घेतलं. खडूची खूण जुळवूनही थोडं वजन लावावं लागलं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले होते, ते ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात. ते तिने कसाऱ्याला, पंपावर थांबून केलं, आणि दाबही मोजला. डाव्या मागच्या टायरमध्ये हवा भरली होती तेवढीच होती.